ओळखपत्रावरचा एक रकाना

आज जाऊया बैरूतला, साल १९७५. १३ एप्रिलला एका चर्चबाहेर गोळीबार झाला आणि त्याच दिवशी फलांजिस्ट बंदूकधाऱ्यांनी पॅलेस्टिनींची बस गाठली. तिथून लेबनॉन पेटलं.

भांडण मात्र जुनं. संसदेत ख्रिश्चन-मुस्लिम जागा ६:५, आधार १९३२ची जनगणना. त्यानंतर जनगणना केलीच नाही! इतका शिळा डेटा आम्ही सॉफ्टवेअरवालेही चालवत नाही. (बरं, कधीकधी चालवतो.)

मग ६ डिसेंबर, ‘काळा शनिवार’. फलांजिस्टांनी रस्त्यात गाड्या अडवल्या, ओळखपत्रं मागितली. त्यावर धर्म-पंथ छापलेला असायचा. नाव, गाव, धंदा कोण बघतो? मुस्लिम दिसला की खाली उतरवायचं. शेकडो माणसं गेली. कार्ड सरकारनेच दिलेलं होतं.