सक्तमजुरी

घरांत एखादें कंटाळवाणें काम अंगावर आलें, कीं ‘ही सक्तमजुरी कुणीं सांगितली?’ असें सहज म्हटलें जातें. न्यायालयांतला हा शब्द माजघरांत येतांना त्याची धार बरीच बोथट झाली. ‘सख्त’ म्हणजे कठीण. ‘मजुरी’ म्हणजे श्रम आणि श्रमांचा मोबदलाही. दोन्ही शब्द फारशींतून आलेले. मौज अशी कीं, ज्या शब्दाच्या पोटांतच मोबदला आहे, तोच बिनमोबदल्याच्या कष्टांना लावण्यांत आला! कैद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हणावयास १९९८ साल उजाडलें.

१८६० च्या भारतीय दंडविधानानें कैदेचे दोन प्रकार मानले : साधी आणि सक्तमजुरीची. १८९४ च्या तुरुंगविषयक कायद्यानें अशा कैद्याच्या श्रमांना सामान्यतः दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. चक्की पिसणें, खडी फोडणें, काथ्या कुटणें हीं ठराविक कामें. कोंकणच्या किनाऱ्यावर काथ्या कुटून कुटुंबें पोट भरीत. तुरुंगांत तेंच काम दंड ठरलें. तेव्हां कामाचा कठीणपणा केवळ कामांत नसतो, हें उघड आहे. मग तो कशांत असतो?

या प्रश्नाचें विलक्षण उत्तर रत्नागिरीच्या तुरुंगांत मिळालें. कोंकणचे गांधी म्हणून पुढें ओळखले गेलेले सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन १९३२ सालीं तेथें राजबंदी होते. त्यांनीं भंगीकाम मागितलें. तुरुंगाधिकाऱ्यांनीं तें नाकारलें. कारण तें काम विशिष्ट जातींच्या कैद्यांनींच करावें, ब्राह्मणाला देऊं नये, असा तुरुंगाचा शिरस्ता. दगड फोडावयास लावणारें सरकार झाडू मात्र हातीं देईना! ज्यांना तें काम दिलें जाई, त्यांच्या वांट्याला मग दोन शिक्षा येत : एक अपराधाची, दुसरी जन्माची, आणि दुसरीचा उल्लेख कोणत्याही निकालपत्रांत नसे. अप्पांनीं अन्न कमी केलें. ही वार्ता येरवड्यास पोंचतांच गांधीजींनीं ३ डिसेंबर १९३२ रोजीं त्यांच्यासाठीं उपवास आरंभिला, आणि सरकार या प्रश्नाचा विचार करील असें आश्वासन मिळाल्यावर तो लवकरच सोडला.

तुरुंगांत मागून न मिळालेलें काम अप्पांनीं बाहेर आयुष्यभर केलें. १९४८ सालीं कणकवलीजवळ वागदें येथें त्यांनीं गोपुरी आश्रम काढला. स्वच्छ संडास, मैल्याचें सोनखत, मेलेल्या जनावरांचें कातडें, असे ज्यांचें नांव काढतांच पांढरपेशा माणूस नाक मुरडतो ते उद्योग तेथें उजळ माथ्यानें चालले.

तुरुंगाचा शिरस्ता मात्र चिवट निघाला. स्वराज्य आलें, राज्यघटना झाली, तरी कित्येक प्रांतांच्या तुरुंग-नियमावल्यांत जातवार कामांचीं कलमें तशींच राहिलीं. तीं घटनाबाह्य आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं दिला. अप्पांच्या मागणीला तेव्हां ब्याण्णव वर्षें होत आलीं होतीं. त्याच वर्षीं १ जुलैपासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिनेंही कैदेचे ते दोन प्रकार कायम ठेवले आहेत. सरकारी मराठींत आतां ‘सश्रम कारावास’ लिहितात. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यांत अजून सक्तमजुरीच आहे.