आंब्यावरची आमरी

अमरकोशात ‘वन्दा’ या वनस्पतीला दोन पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत: ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’. एक झाडाला खाणारी, दुसरी झाडावर नुसती वाढणारी. चोर आणि भाडेकरू यांना एकाच नावाने हाक मारावी तसा हा प्रकार! पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी हाच शब्द उचलला आणि एका सुंदर फुलझाडाच्या कुळीला दिला. साऱ्या जगात आज ‘व्हँडा’ म्हणून जे ऑर्किड मिरवते, त्याचे नाव असे आपल्याच घरचे आहे. मौज अशी की ही व्हँडा झाडाचा घासही खात नाही.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आमच्या कर्जत-खालापूरकडे मात्र आंब्याचा मालक अजूनही आमरी आणि बांडगूळ यांत फरक करीत नाही. दोन्हींवर त्याचा कोयता सारखाच चालतो. बांडगुळाची मुळे फांदीच्या लाकडात शिरतात आणि झाडाचा रस पितात, म्हणून ते काढलेच पाहिजे. आमरीची मुळे सालीला नुसती धरून असतात. आमच्या शाळेत ठाकरवाडीहून येणाऱ्या मुलांना हा भेद न शिकवता कळतो. पुस्तकावरून शिकवणाऱ्या आम्हां मास्तरांनाच तो समजावून घ्यावा लागतो.

मग ही आमरी खाते तरी काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला फार वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात अगणित रोपे मेली.

आपल्या भागातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी जॉन ग्रॅहॅम यांनी केली. हे गृहस्थ व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. मुंबईच्या टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेल-खोपोलीवरून खंडाळ्याला जाणे सोपे झाले. १८३९ मध्ये ग्रॅहॅम यांचे खंडाळ्यालाच निधन झाले, वय अवघे चौतीसच्या आसपास. यादीचे उरलेले काम निमो नावाच्या त्यांच्या स्नेह्याने पुरे केले आणि ती त्याच वर्षी छापून निघाली. पुढे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. कुलाब्यात ते मागाहून आले. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ झाला. बर्डवूड या न्यायमूर्तींनी माथेरान-महाबळेश्वरच्या झाडांची यादी केली. टपालवाले काय, न्यायाधीश काय, सुट्टी मिळाली की हे लोक झाडांमागे धावत. आपल्याकडचे न्यायाधीश सुट्टीत काय करतात हे विचारण्याची सोय नाही! खरे बैठे आणि चिकाटीचे काम केले ते फादर सान्तापाव यांनी. जन्माने स्पॅनिश, मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजातले हे जेझुइट प्राध्यापक खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षे तुडवीत होते. त्यांचा खंडाळ्यावरचा ग्रंथ १९५३ चा. कापडिया यांच्याबरोबर लिहिलेला मुंबईकडच्या आमरींवरचा ग्रंथ १९६६ चा.

हे झाले नावे देणाऱ्यांचे. ज्यांनी आमरी घरी नेऊन पाळू पाहिली त्यांची कथा निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात श्रीमंतांना आमरीचे वेड लागले होते. उष्ण देशातले झाड म्हणजे त्याला ऊब आणि वाफ हवी, एवढेच त्यांनी धरले. काचेच्या बंद खोल्या तापवल्या, वारा शिरू दिला नाही, मुळे ओलसर थरात पुरली. रोपे कुजून गेली. डेव्हनशायरच्या ड्यूकचे बागवान जोसेफ पॅक्स्टन आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण यांनी हवा खेळती ठेवली, वेगवेगळ्या आमरींना वेगवेगळी उष्णता दिली, तेव्हा कुठे त्या जगू लागल्या.

पॅक्स्टन माथेरानच्या पायथ्याशी एक वर्ष राहिले असते, तर त्यांचे काम फार लवकर झाले असते. आमच्याकडे जूनपासून चार महिने पाऊस कोसळतो. माथेरानवर तर दोनशे इंचांच्या आसपास. पण तो फांदीवर थांबत नाही, वाहून जातो, आणि मुळांना लगेच वारा लागतो. त्यानंतर आठ महिने जवळजवळ कोरडे उपोषण. मुळांवर पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते आणि भिजले की हिरवट दिसते. अन्न म्हणजे सालीवरून ओघळणारे पाणी, त्यात विरघळलेली धूळ, बेचक्यात कुजलेला पाचोळा, एखाद्या पाखराची विष्ठा. एवढ्यावर ती वैशाखात गुलाबी ठिपक्यांचा तुरा काढते. लिंडले यांनी १८४५ मध्ये ‘एरिडिस मॅक्युलोसा’ असे नाव दिलेली आमरी ती हीच.

तिचे बीही असेच दरिद्री. एका शेंगेत धुळीसारख्या बारीक बिया हजारोंनी, पण एकीतही शिदोरी नाही. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवले की, एक प्रकारची बुरशी शिरून अन्न पुरवते तेव्हाच हे बी रुजते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर, बुरशीवाचून, ते रुजवून दाखवले. आज रोपवाटिकांत मिळणाऱ्या संकरित आमरींचा वंश या काचेच्या बाटलीतून आलेला आहे.

आता खताकडे वळू. आमच्या शेतकऱ्याला खत देण्याची कला कोणी शिकवायला नको. फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपासाठी शेण, पालापाचोळा, फांद्या यांचे थर रचून तो राब जाळतो. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्यावरून इंग्रज सरकारच्या जंगलखात्याशी एवढे वाद झाले की १८८५ मध्ये चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याहून जुनी परंपरा सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’तली. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. नलिनी साधले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. मांस, मासळी, हाडे यांपासून आंबवून केलेले ‘कुणपजल’ त्यात सांगितले आहे. पण ही सारी जमिनीत उभ्या असलेल्या पिकांची आणि वृक्षांची पक्वान्ने. आमरीला ती जशीच्या तशी वाढली तर मुळे जळतात. घरच्या आमऱ्या उपासमारीने क्वचित मरतात. बहुतेक लाडाने मरतात.

तेव्हा ज्यांना ती घरी ठेवायची आहे त्यांनी माती विसरावी. भोके असलेले मडके किंवा लाकडी पट्ट्यांची टोपली घ्यावी, तीत कोळसा, विटांचे तुकडे आणि चांगले भिजवून धुतलेले नारळाचे सोडण घालावे. जागा सकाळच्या उन्हाची आणि वाऱ्याची. मुळे पांढरी दिसली की पाणी, हिरवी असताना नाही. जुने, कुजलेले शेणखत मूठभर घेऊन बादलीत दोन दिवस भिजवावे, फडक्यातून गाळावे आणि फिक्या चहाच्या रंगाचे होईपर्यंत पाणी घालावे. शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणीही चालते, मात्र तेही तितकेच पातळ करून. आधी साध्या पाण्याने मुळे भिजवायची, मग खत, तेही नवी पाने आणि मुळे फुटत असतानाच, पंधरवड्यातून एकदा. मासे धुतलेले पाणी कढीलिंबाला लाभते, ते त्यालाच घालावे. टोपलीत ते कुजते आणि मुंग्या-माश्या घर डोक्यावर घेतात.

रानातली आमरी मात्र ओरबाडून आणू नये. हल्ली आमच्या दोन्ही तालुक्यांत बंगल्यांसाठी जुने आंबे-जांभळी तुटतात आणि मग त्याच बंगल्यांच्या ओसरीवर विकत आणलेली परदेशी आमरी टांगली जाते. आंबा गेला की त्याच्यावरचे पन्नास वर्षांचे बिऱ्हाडही गेले. पावसात मोडून पडलेल्या फांदीवर ती सापडली तर फांदीच्या तुकड्यासकट उचलावी आणि अंगणातल्या झाडाला सुतळीने बांधावी. नवी मुळे साल धरतात, सुतळी आपोआप कुजून जाते.

दिवाळीनंतर खत बंद, पाणीही कमी. बार्बाट्युलम नावाच्या पांढऱ्या फुलांच्या डेन्ड्रोबियमची पाने थंडीत गळतात आणि नुसत्या सुरकुतलेल्या कांड्या उरतात. घर झाडताना पुष्कळ ठिकाणी त्या मेल्या म्हणून उकिरड्यावर जातात. माघ-फाल्गुनात त्याच कांड्यांवर फुले येतात, एकही पान नसताना.