चौक, कागद आणि चष्मा

सिल्वासा म्हटले की आम्हा गोमंतकीयांना २ ऑगस्ट १९५४ आठवतो. मराठ्यांनी १७८३ साली पोर्तुगिजांच्या हवाली केलेल्या नगर हवेलीतले हे गाव त्या दिवशी मुक्त झाले. आपल्याला आणखी सात वर्षे थांबावे लागले. मात्र तिथल्या वारली घरांच्या भिंतींकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

त्या भिंती आज आठवायला एक कारण आहे. व्हर्च्युअल रिअॅलिटीने चित्रकला शिकवता येते, असे हल्ली म्हटले जाते. डोळ्यांवर जाड चष्मा चढवायचा, हातात एक यंत्र धरायचे आणि हवेत रेघ ओढायची. मग त्या रेघेभोवती चक्क फिरताही येते! गूगलचे 'टिल्ट ब्रश' २०१६ मध्ये आले. २०२१ मध्ये कंपनीने त्यावरचे काम थांबवून त्याचा कोड सर्वांना खुला केला. उद्या कुणी अशाच साधनाने वारली चित्रांचा वर्ग काढला, तर तिथे गुरू कोण असेल?

वारल्यांची मूळ चित्रशाळा म्हणजे लग्नघर. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर गेरू, आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने ओढलेली तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नाचा चौक सुवासिनी काढत. त्यात पालघाट देवी असे. धवलेरी गाणी म्हणत. चौकाशिवाय लग्न नाही! वाटोळे डोके आणि टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण कुणालाही तासाभरात जमतील. पण ती रेघ कुठल्या घरात, कुठल्या दिवशी, कुणासाठी काढायची, हे त्या बायकांच्या सोबतीनेच कळत असे.

वारली समाज हवेलीत आहे तसाच शेजारच्या डहाणूतही आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी आले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढली, जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे थोरपण निर्विवाद आहे. पण साधन बदलले तसे शिकवणारेही बदलले, आणि चौक काढणाऱ्या सुवासिनींची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता चष्म्याची पाळी. त्याची सारी करामत खोली दाखवण्याची. वारली चित्रात तर खोली नाहीच. तारप्याभोवतीचे नाचाचे वेटोळे वरून पाहिलेले, नाचणारी माणसे मात्र समोरून! तेव्हा हा चष्मा रेघ शिकवायला वापरू नये, असे मला वाटते. त्याने ती अंधारी खोली उभी करावी, त्यात धवलेरीचा आवाज असावा, आणि शिकवणाऱ्या बाईचे नाव ठळक असावे. मोबदलाही तिलाच मिळावा.

हे परक्यांचे दुखणे नव्हे. आपल्या देवळांतली कावकला आठवा. चुन्याच्या गिलाव्यावरचा तांबडा थर ओला आहे तोवरच कोरायचा असतो. गिलावा किती वाळला हे बोटाला कळते, चष्म्याला नाही. ज्यांच्या बोटांना ते कळते, त्यांच्यापाशी आधी जाऊन बसू या. यंत्रे नंतर विकत मिळतील.