खानदेशातील जखमी शिपाई : तनख्यापासून हक्कापर्यंत

मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला बालपरवेशी, म्हणजे मुलांच्या पोषणासाठी नेमणूक किंवा जमीन, देण्याचा रिवाज होता. परंतु ती धन्याची मर्जी होती आणि मर्जी फिरली तर दाद मागण्याचे ठिकाण नव्हते. 1818 साली खानदेश कंपनी सरकारकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी सातपुडा-सातमाळ्यातील भिल्ल नाईकांना तनखे बांधून दिले, तेही मुलूख शांत राहावा म्हणूनच. नाईक बिथरला की तनखा बंद होई, म्हणजे सरकारी तिजोरीतून नियमित पैसा येऊ लागला तरी हक्क असा निर्माण झाला नव्हता.

1825 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार लेफ्टनंट जेम्स आउट्राम यांनी धरणगाव येथे भिल्ल पथक उभारले. आधीचे प्रयत्न फसले होते. आउट्राम यांनी मात्र भिल्लांबरोबर शिकार करून त्यांचा विश्वास मिळवला आणि ज्यांना पकडायचे त्यांच्यातूनच शिपाई निवडले. हे नियमित पलटणीपैकी नसून स्थानिक पथक होते, म्हणजे जिल्ह्याच्या बंदोबस्तापुरते उभारलेले दल. तरीही 1858 च्या एप्रिलमध्ये आंबापाणीच्या लढाईत त्याला बंडात उतरलेल्या भिल्लांविरुद्धच उभे राहावे लागले. पुढे हे दल पोलिसांत विलीन झाले. नियमित फौजेतील दुबळ्या व वृद्ध शिपायांसाठी मुंबई इलाख्यात दापोलीला व्हेटरन बटालियन होती. म्हणजे जखम सारखीच असली तरी शिपाई कोणत्या दलात होता यावर त्याची पुढची सोय अवलंबून राहिली, आणि हा भेद खानदेशात फार काळ टिकला.

पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. अपंग होऊन परतणाऱ्या सैनिकांची संख्या एवढी वाढली, की त्यांना नुसते पैसे देऊन भागणार नव्हते. म्हणून 1917 मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी टेक्निकल स्कूल सुरू झाले, जे नंतर पुण्याजवळ खडकीला स्थिरावले आणि जेथे हातपाय गमावलेल्यांना उपजीविकेचे काम शिकवले जाई. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र निघाले. खानदेशी जवानाला ही दोन्ही ठिकाणे दूरच होती. धुळ्याचा माणूस आधी चाळीसगावला येई, तेथून मनमाड आणि मग दौंडमार्गे पुणे, आणि हा सारा प्रवास कुबड्या घेऊन, गाड्या बदलत करायचा. पाय बसवून घेणे हे एकदाचे काम नसते. पाय झिजतो, खुंट आकसतो, माप पुन्हा घ्यावे लागते. नियम लिहिणाऱ्यांना या अंतराची जाणीव क्वचितच असते.

जिल्ह्याच्या पातळीवर परतलेल्या सैनिकांना मदत करण्याचे काम सैनिक मंडळांकडे आले. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे भाग पडून जळगाव व धुळे ही ठाणी वेगळी झाली होती; आज दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. डिस्चार्ज बुकातील नोंदीची दुरुस्ती, विधवेचा अर्ज, मुलांची शिष्यवृत्ती, अशी कामे तेथे चालतात, मात्र अपंगत्व ठरवण्याचा अधिकार या कार्यालयांना नाही. तो वैद्यकीय मंडळाचा, आणि मंडळ दोन प्रश्न विचारते : व्याधी सेवेमुळे उद्भवली की सेवेमुळे बळावली, आणि तिचे प्रमाण किती टक्के. 1961 च्या सैन्य निवृत्तिवेतन विनियमांनुसार किमान 20 टक्के अपंगत्व असावे लागे. एकोणीस टक्के नोंदवलेल्या माणसाचा गुडघा वीस टक्केवाल्याहून कमी दुखतो असे कोणी म्हणणार नाही, पण कागद तसेच मानतो.

खरा बदल कायद्याच्या एका गृहीतकाने घडला. 1982 च्या पात्रता नियमांप्रमाणे, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरायचे आणि पुरावा देण्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही. कार्यालये हे विसरत राहिली. अखेर 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ते ठणकावून सांगावे लागले. 2014 च्या राम अवतार निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्याला, म्हणजे 50, 75 किंवा 100 ला, नेण्याचा लाभ सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. दाद मागण्यासाठी जळगाव-धुळ्याच्या जवानाला पूर्वी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागे. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आल्यावर त्याला मुंबईची वाट धरावी लागली.

2023 च्या नव्या नियमांनी अपंगत्वाच्या पात्रतेची तरतूद पुन्हा आवळली आणि सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या लाभाला वेगळे नाव दिले. या साऱ्या घडामोडीत केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान मात्र बाहेरच आहे. त्याचे अपंगत्व मुलकी असाधारण निवृत्तिवेतन नियमांखाली मोजले जाते, आणि 2012 मध्ये गृह मंत्रालयाने अशा निवृत्तांना माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस कर्मचारी असा दर्जा दिला तरी धुळ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाच्या लेखी तो माजी सैनिक ठरत नाही.