औषधाला आसऱ्याची जोड

आजारी बालकाच्या मातापित्यांना सर्वप्रथम हवी असते ती आशा. परंतु आशा ही केवळ शब्दांनी निर्माण होत नाही. तिच्यामागे औषध, अन्न व निवारा यांचे भक्कम पाठबळ असावे लागते. बालकर्करोगाच्या उपचाराचा इतिहास याची साक्ष देतो.

सन 1931 मध्ये लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पत्नीवियोगाने व्यथित झालेल्या सर दोराबजी टाटा यांनी 1932 मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. त्याच वर्षी तेही निवर्तले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांनी 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. एका घरातील दुःखातून असंख्य घरांना आधार देणारी वास्तू उभी राहिली.

रुग्णालय उभे राहिले, तरी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांसाठी त्या काळी जगात कोठेही गुणकारी औषध नव्हते. 1948 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी 16 बालकांवर नवे औषध वापरले. त्यांपैकी 10 जणांना तात्पुरता उतार पडला. रोग पुन्हा उलटला, परंतु तो हटू शकतो हे सिद्ध झाले. त्याच वर्षी नभोवाणीवरून केलेल्या आवाहनाला सामान्य जनतेने भरभरून प्रतिसाद दिला आणि ‘जिमी फंड’ हा निधी उभा राहिला. 1962 मध्ये अभिनेते डॅनी थॉमस यांच्या प्रयत्नांतून मेम्फिस येथे सेंट ज्यूड बालरुग्णालय सुरू झाले. तेथे कुटुंबाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. आज प्रगत देशांत या रोगाच्या बालकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातून सुमारे दहापैकी नऊ बालके बरी होतात.

हे ज्ञान परळपर्यंतही पोहोचले. तथापि दूरच्या गावांहून येणाऱ्या गरीब कुटुंबांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. हा उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतो आणि पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते. महानगरात भाड्याची खोली परवडत नाही, म्हणून कित्येक कुटुंबांनी पदपथावर पथारी पसरली. औषधांमुळे बालकाची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण झालेली; त्यात धूळ, डास व दूषित पाणी. पैसा आणि धीर दोन्ही संपले की पालक उपचार अर्धवट सोडून गावी परतत. बरे होऊ शकणारे मूल औषधाअभावी नव्हे, तर आसऱ्याअभावी दगावे.

ही उणीव ओळखून श्रीमती श्यामा व श्री. निहाल कविरत्ने यांनी 2006 मध्ये सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था स्थापन केली. लोअर परळ येथील पहिल्या केंद्रात अवघ्या आठ कुटुंबांची सोय होती. प्रत्येक कुटुंबाला स्वच्छ निवास विनामूल्य मिळाला आणि सामायिक स्वयंपाकघरात मातेला आपल्या मुलासाठी आपल्या हातचे अन्न रांधता येऊ लागले. पुढे या कार्याचा विस्तार अनेक शहरांत झाला. ज्या कॉटन ग्रीन परिसरात एकेकाळी कापसाच्या गासड्यांचे व्यवहार चालत, तेथेही आज अशा बालकांना आश्रय लाभला आहे.

दात्यांनी व विश्वस्तांनी या इतिहासातून एवढेच घ्यावे : यंत्रासाठी दिलेल्या देणगीइतकेच मोल एका खोलीचे व एका चुलीचेही असते. उपचार पूर्ण होईपर्यंत सोबत करणारे दानच खऱ्या अर्थाने सत्कारणी लागते.