घरगुती मोटारची कॉइल: गुंडाळायची कशी, तपासायची कशी?

घरी प्रयोग म्हणून मोटार बनवली, बॅटरी जोडली, पण ती फिरत नाही, नुसती तापते. अशा वेळी दोष अनेकदा कॉइलमध्ये असतो आणि तो वरून दिसत नाही. म्हणून मोटार जोडण्याआधीच प्रत्येक कॉइल तपासणे महत्त्वाचे आहे.

कॉइल काय करते?

कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे. या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, त्यामुळे शेजारचे वेढे चिकटून असले तरी वीज एका वेढ्यातून थेट दुसऱ्यात जात नाही. वीज सोडली की कॉइल चुंबक बनते. वेढ्यांची संख्या आणि विद्युतधारा जितकी जास्त, तितका चुंबक ताकदवान.

तार किती जाड?

समजा, 100 वेढ्यांना 10 मीटर तार लागते. 0.5 मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध सुमारे 0.9 ओहम भरतो. 6 व्होल्टवर ती 6 ते 7 अँपिअर धारा ओढू पाहते. एवढी धारा साध्या सेलना झेपत नाही आणि कॉइलही लवकर तापते. जाडी निम्मी, म्हणजे 0.25 मिलिमीटर केली, की रोध चौपट होऊन सुमारे 3.5 ओहम होतो आणि धारा 1.7 अँपिअरवर येते.

गुंडाळताना

लोखंडी गाभ्याच्या धारदार कडांनी इनॅमल खरवडते. म्हणून आधी गाभ्यावर जाड कागद किंवा टेप लावावी. तार ताठ धरावी, पण खेचू नये. वेढे मोजत जावे, सगळ्या कॉइल एकाच दिशेने गुंडाळाव्यात आणि सुरुवातीच्या टोकाला खूण करावी. शेवटी दोन्ही टोकांवरचे इनॅमल काचपेपरने पूर्ण घासून काढावे. ते राहिले, तर जोड पक्का दिसूनही वीज वाहत नाही.

चार तपासण्या

1. तार अखंड आहे का? मल्टिमीटर दोन्ही टोकांना लावावा. रोध हिशेबाच्या जवळपास हवा. काहीच आकडा येत नसेल, तर तार तुटली आहे किंवा इनॅमल नीट निघालेले नाही.

2. गाभ्याला वीज लागते का? एक प्रोब तारेच्या टोकाला, दुसरा गाभ्याच्या उघड्या लोखंडाला लावावा. इथे रोधाचा आकडा दिसता कामा नये. दिसला, तर आत इनॅमल सोलले गेले आहे.

3. आतले वेढे शॉर्ट आहेत का? तीन सारख्या कॉइल एकामागोमाग जोडून 6 व्होल्टची बॅटरी क्षणभर लावावी आणि प्रत्येकीवरचे व्होल्ट मोजावेत. तिन्हींवर साधारण 2 व्होल्ट हवेत. एकीचे 10 वेढे शॉर्ट असतील, तर तिच्यावर सुमारे 1.86 आणि बाकी दोघींवर 2.07 व्होल्ट दिसतात. गुंडाळताना वेढे कमी पडले असतील, तरी असाच फरक येतो.

4. दिशा बरोबर आहे का? प्रत्येक कॉइलच्या खुणेच्या टोकाला बॅटरीचे धन टोक जोडून कॉइलच्या त्याच बाजूला होकायंत्र धरावे. सगळीकडे सुईचे एकच टोक ओढले गेले पाहिजे. विजेमुळे होकायंत्राची सुई हलते, हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखवून दिले होते.

सावधान!

असे प्रयोग फक्त बॅटरीवर करावेत. घरगुती कॉइल घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला कधीही जोडू नये; तिथे चूक जिवावर बेतू शकते.