तळटीप १४ : ‘आमच्या नरडाण्याला कुठली मोठी जनावरं!’

१४. सेरेंगेटीचा सिंह पाहून लेखकाच्या तोंडून निघालेला हा उद्गार समजण्यासारखा आहे, पण खानदेशावर तो अन्याय करतो. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. उत्तरेला तापी, तिच्यापलीकडे शिरपूर आणि मग सातपुडा. सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, निमाडातल्या बीजागडच्या रानात, अकबराच्या काळी रानहत्ती होते. ‘आईन-इ-अकबरी’त तशी नोंद आहे. वाघ तर याच मुलखाचे. भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीला हजर होता. हा आकडा त्याच्या चरित्रात पराक्रम म्हणून येतो. आज तो वाचताना पोटात कालवते. रान ओस का पडले, याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

तरी सगळे संपलेले नाही. शिरपूर तालुक्यातल्या अनेर धरण अभयारण्यात तरस आणि चिंकारा आहेत. यावल अभयारण्य (१९६९) पाल गावाच्या बाजूने पाहावे. मुक्ताईनगरजवळच्या डोलारखेडा–वढोदा भागात वाघ आजही आहे, पूर्णाकाठच्या केळीच्या बागांतही तो शिरतो. गवा पाहायचा तर मात्र मेळघाट गाठावे लागते. आफ्रिकेच्या मोकळ्या गवताळ माळावर जनावर लांबूनच दिसते. सातपुड्याच्या झाडीत आधी पाणवठ्यावरचे ठसे शोधावे लागतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच परतावे लागते. – संपा.